पिंपाच्या पोटातलं गोल

आमच्या ला सान्य गावात कुणी कुणाचा धर्म, पक्ष किंवा पगार विचारत नाही. आकार विचारतात. मी कालामांचा लोरिस, म्हणजे गोल. एवढं कळलं की समोरच्याचं समाधान होतं आणि तो आपल्या कॉफीकडे वळतो.

मनगटी घड्याळाची डबी, म्हणजे मशीन ज्यात बसतं ते धातूचं घर, आमच्या डोंगरातली काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या बनवत आली आहेत. आम्ही कालाम गोल डब्या बनवतो. चर्चमागचे दुकोमँ उशी बनवतात. उशी म्हणजे चौकोनच, पण चारी बाजूंनी फुगलेला, कुणीतरी नुकतंच डोकं ठेवून उठल्यासारखा. सरळ चौकोन बनवणारं एकच घर होतं. त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे, शेवटी ते लोक बँकेत लागले. आणि ओढ्यापलीकडचे मोंतांदों पिंप बनवतात. वरखाली सपाट, मधे दोन्हीकडून पोट सुटलेलं. वाइनच्या पिंपाचा फोटो काढावा तसं.

मोंतांदों म्हणतात, गोल काय, लेथ फिरवला की होतंच गोल. गाईचा पो पण गोलच पडतो, त्यासाठी ती कुठे शिकायला गेलेली नसते.

आम्ही म्हणतो, तुमचं पिंप पाणी पितं.

आमच्या म्हणण्यात थोडं शास्त्र आहे. गोल डबीचं मागचं झाकण बरणीसारखं फिरवून घट्ट बसतं. पिंपाचं झाकण फिरवता येत नाही, ते दाबून बसवावं लागतं. आणि दाबून बसवलेली गोष्ट कधी ना कधी वर येते. हे माझं वाक्य नाही, आमच्या आज्जीचं आहे. ती ते घड्याळांबद्दल म्हणते की माणसांबद्दल, हे विचारायची घरात कुणाची छाती नाही.

तर मी मोंतांदोंच्या लुदिवीनच्या प्रेमात पडलो. यात माझा दोष नाही, बर्फाचा आहे. तिची गाडी डिसेंबरात आमच्या अंगणात रुतली आणि मार्चपर्यंत निघाली नाही. रोज ती गाडी बघायला यायची. गाडीत बघण्यासारखं काही नव्हतं.

लग्न ऑक्टोबरात करायचं ठरलं. तिचे वडील ऑरेलकाका यांनी बातमी शांतपणे ऐकली, कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "कर. मी येणार नाही."

"का पप्पा?"

"गोल आहे तो."

"स्वभावाने चांगला आहे."

"गोल माणसं स्वभावाने चांगलीच असतात. त्यांना कोपराच नसतो, स्वभाव ठेवणार कुठे?"

ऑरेलकाकांचं एक तत्त्व होतं आणि ते सगळ्या खोऱ्याला पाठ होतं. डबी पिंपाची असेल तर आतलं मशीनही पिंपाच्याच आकाराचं हवं. हल्ली कोण असं करतो? सगळे पिंपात सरळ गोल मशीन टाकतात आणि उरलेली फट पितळेच्या कड्याने भरतात. झाकण बंद झालं की कुणाला कळतंय? ऑरेलकाका याला सोंग म्हणतात. एका गिऱ्हाइकाने तसली डबी मागितली तेव्हा काका त्याला हाताला धरून बसस्टॉपवर घेऊन गेले, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले, परत उतरला तर म्हणून.

पुरावा त्यांच्या मनगटावर असायचा. त्यांच्या वडिलांनी बनवलेलं पिंप, आत पिंपाचं मशीन. रेडिओवर दुपारच्या बातम्यांचे टोले पडले की काका कॅफेत बाही वर करून हात टेबलावर ठेवायचे. काटा अगदी जागेवर. "बघा," म्हणायचे, "अंग आणि काळीज एका आकाराचं असलं की असं चालतं. गोलाला हे जमायचं नाही." आणि आमच्यातल्या कुणाला तरी त्यांच्या बिअरचे पैसे द्यावे लागायचे. का, ते मला कधी कळलं नाही, पण आम्ही द्यायचो.

लुदिवीनने मला स्पष्ट सांगितलं, "पप्पा पहिल्या रांगेत बसलेला दिसला नाही तर मी चर्चच्या दारातून परत फिरेन."

"मग मी एकट्याने लग्न करू?"

"बघ जमतंय का."

ती गंमत करत नव्हती. गंमत करताना ती डावी भुवई उचलते. दोन्ही भुवया जागेवर होत्या.

शेवटी तिची आई, मार्सलीनकाकू, मधे पडली. सप्टेंबरचा रविवार, वरच्या कुरणात तोऱ्ये करू म्हणाली. म्हणजे फरच्या फांद्यांचा मोठा जाळ करायचा, तो विझून निखारे आणि राख उरली की कोबीच्या पानांत आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॉसेज त्यात पुरायचं. खुल्या हवेत आणि भरल्या पोटी आमच्याकडची माणसं जरा माणसांत येतात. मोंतांदोंकडून तिघं येणार, आमच्याकडून मी आणि आज्जी. आमच्या झेलीआज्जीने आयुष्यभर डब्यांना पॉलिश केलं आहे. तिच्या बोटांना ठसे उरलेले नाहीत. पासपोर्टच्या ऑफिसात तिने एकदा मोठा गोंधळ घातला होता.

सुरुवात बरी झाली. ऑरेलकाका माझ्याशी थेट बोलत नव्हते, पण माझ्या दिशेने बोलत होते.

"कुणाला तरी फांद्या नीट तोडता येत नाहीत," ते गाईला म्हणाले.

मी फांद्या नीट तोडल्या.

मग राख तयार झाली. सॉसेज पुरायचं काम काका दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्यांनी दोन्ही बाह्या कोपरावर चढवल्या, फावडं घेतलं, मनगटाकडे पाहिलं, घड्याळाचा पट्टा सोडला. इकडे तिकडे पाहिलं. मार्सलीनकाकूंचे हात बटाट्यांत होते. लुदिवीन ब्रेड कापत होती. आज्जी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती.

"धर," ते म्हणाले आणि घड्याळ माझ्या हातात दिलं.

लुदिवीनची सुरी ब्रेडमधेच थांबली. ते घड्याळ त्यांनी तिच्यासुद्धा हातात कधी दिलेलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि त्या हसण्यात पहिल्या रांगेतली खुर्ची भरलेली मला स्वच्छ दिसली.

आता पुढे जे झालं त्यासाठी आमच्या घरी वाढलेलं असावं लागतं. आमच्याकडे हातात घड्याळ आलं की कुणी किती वाजले बघत नाही. उलटं करायचं, खिशातला चाकू काढायचा, झाकण उघडायचं. मेंदूचा यात काही संबंध येत नाही. माझ्या चुलतभावाच्या हातात नर्सने बाळ दिलं तेव्हा त्यानेही ते आधी उलटं केलं होतं.

टक् असा आवाज आला तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. मग आत पाहिलं, आणि मी काय केलंय हे मी साफ विसरलो.

आत गोल होतं.

मी डोळे मिटले, उघडले. अजून गोलच. नाण्यासारखं नितळ, गोल मशीन, आणि भोवती पितळेचं कडं. कड्याची आतली कड गोल, बाहेरची पिंपाची. सगळं आरामात टिकटिक करत होतं. आमचं चर्च सांभाळणाऱ्या पास्टरबाईंच्या कपाटात हाडं सापडली असती तरी मी एवढा हादरलो नसतो. हाडं निदान समजावून सांगता येतात.

काका पाठमोरे, राखेत वाकलेले. मी झाकण लावायला गेलो. बसेना. अंगठे लावून दाबलं, बसेना. गुडघ्यावर ठेवून दाबलं. गुडघा दुखला.

"काय करतोयस?" लुदिवीन शेजारी येऊन बसली. तिने पाहिलं. हातातला ब्रेड गवतात पडला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हे काय आहे?"

"मशीन."

"गोल आहे."

"हो."

"माझ्या पप्पाच्या घड्याळात?"

"मी टाकलेलं नाही, लुदिवीन. मी तीन मिनिटांपूर्वी उघडलंय फक्त."

"उघडलंस कशाला?"

"हातात दिलं ना त्यांनी!"

हे कारण तिला पटलं. तीही याच खोऱ्यातली. "बंद कर आधी."

"होत नाहीये. पिंपाला प्रेस लागतो. गोल असतं ना, तर फिरवून..."

"ही ती वेळ आहे का, लोरिस?"

"नाही, मी फक्त शास्त्र सांगत होतो."

आम्ही चीजचा अर्धा गड्डा वर ठेवून दाबलं. चीजवर पिंपाचा सुरेख ठसा उमटला, झाकण तसंच. दोन दगडांमधे धरायचा विचार केला, पण त्याला बाराशे मीटर उंचीवर सुद्धा खून म्हणतात. एक गाय येऊन बघत उभी राहिली. तिचं वजन भरपूर होतं, पण तिला समजावणार कोण?

"आज्जी," लुदिवीन म्हणाली.

"आज्जीला कशाला उठवायचं?"

"उठवायचं नाही. बसवायचं आहे."

तर लाकडी पाट घेतला, त्यावर रुमाल, त्यावर घड्याळ, झाकण नीट जुळवून. आज्जीला हलवून जागं केलं आणि सांगितलं की तुझी खुर्ची डुगडुगतेय, या पाटावर बस जरा. आमची आज्जी एक्याऐंशी वर्षांची असली तरी भरदार आहे. पण ती बसायच्या आधी खाली बघते. मांजरांमुळे तिला ती सवय लागली आहे.

"हे काय?" तिने घड्याळ उचललं, झाकण बाजूला केलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"अगंबाई," आज्जी म्हणाली. "हे तर माझं कडं."

लुदिवीनने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं उमटली.

"तुझं कडं म्हणजे काय, आज्जी?" मी विचारलं.

"म्हणजे मी घासलेलं. अरे, त्या वर्षी ऑरेल गोठ्यापुढच्या हौदात पडला नव्हता का, बर्फ फोडताना? लुदिवीन शाळेत होती तेव्हा. छातीत कफ भरला, तापात बडबडायचा. सारखं एकच, घड्याळ चालतंय का, घड्याळ चालतंय का. आणि घड्याळ तर पोटभर पाणी प्यालेलं. आतलं पिंपाचं मशीन गंजून लाल. त्याचे सुटे भाग आता जगात कुठे मिळतात? मार्सलीन माझ्याकडे ब्रेडच्या पिशवीत घालून घेऊन आली, रडत. म्हणाली, हे बंद आहे असं सांगितलं तर हा माणूस जगायचा नाही."

"आणि हे गोल मशीन?"

"ते तुझ्या आजोबांचं. ते त्याच हिवाळ्यात गेले होते. त्यांचं घड्याळ कपाटात कुणासाठी चालत होतं?"

"आज्जी! आणि तू इतकी वर्षं कुणाला बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?"

म्हणजे कॅफेत टेबलावर ठेवून दाखवलेलं ते पिंपाचं काळीज माझ्या आजोबांचं होतं. त्या हातापुढे आम्ही इतकी वर्षं माना खाली घातल्या आणि बिअरचे पैसे दिले. स्वतःच्याच आजोबांकडून हरत होतो.

"पुरलं सॉसेज," मागून आवाज आला. "आण रे घड्याळ."

माझ्या दिशेने नाही, मला. पहिल्यांदाच थेट मला. आणि आज्जी, त्या आवाजासरशी, घड्याळ झाकणासकट पाटावर ठेवून त्यावर बसली.

"झेलीबाई," ऑरेलकाका राखेने पांढरे झालेले हात झटकत म्हणाले, "उठा जरा. तुमच्या खाली माझा पट्टा दिसतोय."

"माझे गुडघे धरलेत रे, ऑरेल."

"मी उठवतो."

"कशाला उगाच. बसू दे की पाच मिनिटं. जेवू दे."

"झेलीबाई. माझं घड्याळ."

त्यांनी दोन्ही हातांनी तिला अलगद उचललं, एखादी नाजूक डबी साच्यातून काढावी तशी. खाली घड्याळ होतं. झाकण एका बाजूने बसलेलं, दुसऱ्या बाजूने वर. काकांनी ते उचललं आणि झाकण त्यांच्या हातातच सुटलं.

त्यांनी पाहिलं.

मी माणूस घाबरलेला पाहिलाय, चिडलेला पाहिलाय. ऑरेलकाकांचा चेहरा यातलं काहीच झाला नाही. तो फक्त थांबला. चेहऱ्याचं मशीन बंद पडलं. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं (आमच्याकडे सगळ्यांच्या खिशात असतं), डोळ्याला लावलं आणि पुन्हा पाहिलं, कारण नुसत्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

"हे कुणी..." एवढंच ते म्हणाले.

"मी," मार्सलीनकाकू म्हणाल्या. त्यांच्या हातांना बटाट्याची माती होती. "मी नेलं. झेलीबाईंनी केलं. तुझं मशीन मेलं होतं, ऑरेल. तूही त्याच रस्त्याला होतास. मला दोघांतला एकच वाचवता येत होता."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"बरा झाल्यावर सांगणार होते. तर तू अंथरुणातून उठलास आणि पहिलं वाक्य बोललास, बघ मार्सलीन, पूर्वीपेक्षाही छान चालतंय, शेवटी पिंप ते पिंप. आता यावर मी काय बोलणार होते?"

"मी कॅफेत..." काका थांबले. कॅफेतले एकेक दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना आम्हाला दिसत होते. "कॅफेत मी सगळ्यांना..."

"हो," मार्सलीनकाकू म्हणाल्या. "मी दर वेळी कॅफेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे."

काकांनी भिंग पुन्हा लावलं. या वेळी मशीनकडे नाही, कड्याकडे. घड्याळ उजेडात तिरकं धरलं, नख कड्यावरून फिरवलं. एकदा, मग उलट दिशेने. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "कशाने घासलंत हे?"

"कशाने म्हणजे? कानशीने. खिडकीत बसून."

"वरच्या डाव्या बाजूला आमची पिंपं केसभर जास्त फुगतात. माझ्या आजोबांचा हात तसा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलासुद्धा नाही."

"सांगायला कशाला हवं? दिसतं की."

"गोल माणसाला दिसतं?"

"ऑरेल," आज्जी म्हणाली, "मी गोल घरात दिली गेले. जन्मतः मी उशी आहे."

हे मलाही माहीत नव्हतं.

ऑरेलकाकांनी घड्याळ आज्जीपुढे धरलं. "हे तुमच्या नवऱ्याचं."

"बाहेरून तुझ्या बापाचं आहे. मला नको. मला त्यातले आकडे दिसत नाहीत."

त्यांनी ते टेबलावर मोहरीच्या बरणीशेजारी ठेवलं, बाह्या खाली केल्या आणि कुणाकडे न बघता कुरणातून उतरायला लागले. सॉसेज राखेतच राहिलं. कुणाला आठवलं नाही. संध्याकाळी काढलं तेव्हा ते सॉसेज असल्याचं फक्त आम्हालाच माहीत होतं.

लग्नाला तीन आठवडे राहिले होते. ऑरेलकाका घरात बोलेनासे झाले. घड्याळ मार्सलीनकाकूंनी स्वतःच्या मनगटावर बांधलं, कुणीतरी किल्ली द्यायला हवी म्हणून. काकांनी दुसरं घेतलं नाही. मनगटावर पांढरा डाग राहिला होता, पिंपाच्या आकाराचा, आणि ते सवयीने त्याच्याकडे बघायचे. मग वेळेचा अंदाज करून निघायचे. बेकरीच्या दारात ते पहाटे उभे असायचे, बेकर उठायच्या आधी. कॅफेत दुपारच्या बातम्या संपून गेल्यावर पोचायचे. आमच्या डोंगरात पाच मिनिटं उशीर झालेल्या माणसासाठी शोधपथक निघतं. त्यामुळे गाव सैरभैर झालं. दोनदा लोकांनी त्यांना पाहून स्वतःच्या घड्याळांचे काटे फिरवले.

"विचार ना त्यांना," मी लुदिवीनला म्हणायचो. "येणार की नाही?"

"नाही विचारणार. नाही म्हणाला तर ते कायमचं नाही होईल."

तिचा पोशाख शिवून आला. तिने तो कपाटात टांगला, पण लेबल काढलं नाही. परत करायला लेबल लागतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, पास्टरबाईंचा फोन आला.

"लोरिस, लग्न उद्या आहे ना?"

"हो."

"नक्की? मला घाबरवू नकोस. कारण तुझे सासरे चर्चमधे बसलेत. काळ्या सुटात. सकाळपासून. मी आधी समजले कुणाची तरी प्रेतयात्रा आहे आणि मी विसरले."

आम्ही दोघं धावत गेलो. चर्च रिकामं, थंडगार. पहिल्या रांगेत ऑरेलकाका ताठ बसलेले. केस ओले करून विंचरलेले, हात गुडघ्यांवर.

लुदिवीन धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली. "पप्पा! लग्न उद्या आहे."

"माहीत आहे."

"मग आज?"

"घड्याळ नाहीये. उशीर नको व्हायला, म्हणून जरा आधी निघालो."

"एक दिवस?"

"जास्त झालं थोडं," त्यांनी मान्य केलं.

लुदिवीन हसायला लागली, मग रडायला लागली, मग मधेच थांबली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "पप्पा, ही मुलाकडची बाजू आहे. तू चुकीच्या बाजूला बसलायस."

"चुकीच्या नाही," ऑरेलकाका म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, दिशेने नाही. "तुझे आजोबा इथे बसले असते ना?"

"हो," मी म्हणालो.

"एवढी वर्षं त्यांचं मशीन हातावर वागवलं. कॅफेत त्यांच्या जिवावर बिअर प्यायलो. त्यांच्या जागी कुणीतरी बसायला नको?"

"आणि माझ्या बाजूला कोण बसेल?" लुदिवीन ओरडली. "माझा बाप तू आहेस की याचा आजोबा?"

काका विचारात पडले. खरंच पडले. हा मुद्दा सकाळपासून एकट्याने बसूनही त्यांच्या लक्षात आला नव्हता. ते उठले, भिंतीकडची एक खुर्ची ओढत आणली आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध, चालायच्या वाटेत, बरोबर वेदीसमोर ठेवली. एक डोळा मिटून अंतर पाहिलं. केसभर डावीकडे सरकवली. मग तिच्यावर बसले.

पास्टरबाईंनी छातीवर हात ठेवला. "मोंतांदोंसाहेब, ती वाट आहे! नवरी आत येणार कुठून?"

"वळसा घालून," ऑरेलकाका म्हणाले, आणि उद्यापर्यंत तिथून हलायचा त्यांचा विचार दिसेना, म्हणून लुदिवीन त्यांच्यासाठी ब्रेड आणायला गेली.